आधी पाय सोडवायला शिका: रोड सायकल आणि पहिले क्लिपलेस पेडल

क्लिपलेस पेडल, म्हणजे बुटाचा तळ खटक्यात धरून ठेवणारं पेडल, लावल्यावर माणूस जोरात जाताना सहसा पडत नाही. पडतो तो थांबताना. सिग्नल लाल होतो, सायकल जवळजवळ उभी राहते, पाय सवयीने वर उचलला जातो, पण बूट पेडलमध्ये पक्का बसलेला असतो. पुढच्या क्षणी सायकलसकट माणूस आडवा. लागतं फार नाही, कोपर आणि गुडघा खरचटतो. पण पुण्यात शेजारून पीएमपीची बस जात असेल तर तेवढं पडणंही परवडणारं नसतं.

म्हणून मी कोणालाही हे पेडल शिकवताना एकाच गोष्टीपासून सुरुवात करते. पाय अडकवायला पाच मिनिटांत जमतं. आधी शिकायचं ते पाय सोडवायला. आणि आपल्या रस्त्यांवर सोडवायचा तो डावा पाय, थांबायच्या बराच आधी.

आपल्यापैकी बहुतेकांनी सायकल शिकली ती चपला घालून, दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारत. तोल गेला की पाय उचलायचा आणि टेकवायचा, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं आहे. क्लिपलेस पेडलला नेमकी हीच सवय चालत नाही. पाय वर उचलून सुटत नाही, मागे ओढूनही सुटत नाही. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली तरच सुटतो. डोक्याला हे लगेच कळतं, पायाला कळायला दोन-तीन आठवडे लागतात. तो वेळ पायाला द्यायचा, एवढाच सगळा अभ्यास आहे.

नावाने बरेच जण गोंधळतात. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं, आणि हे पेडल तर बुटाला घट्ट धरून ठेवतं. कारण जुनं आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलच्या पुढे पिंजऱ्यासारखी पट्टी असायची, तिच्यात चवडा घालून चामड्याचा पट्टा आवळायचा. त्या पट्टीला क्लिप म्हणत. लूक ही फ्रेंच कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायचे खटके बनवायची. तोच खटका तिने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलला आणला. १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने लूकच्याच पेडलवर जिंकली आणि पट्ट्यांचे दिवस संपत आले. जुनी क्लिप गेली, म्हणून नवं पेडल क्लिपलेस. १९९० मध्ये शिमानो या जपानी कंपनीने एसपीडी नावाचं पेडल आणलं. आज दुकानात दिसणारे बहुतेक प्रकार या दोन घराण्यांतून आलेले आहेत.

याचा खरा उपयोग काय? पाय वर ओढूनही जोर लावता येतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्याच्या मागे लागू नका. मुद्दाम वर ओढत राहिलं तर मांडीच्या मागचे स्नायू लवकर थकतात, बाकी फार काही हाती लागत नाही. मिळतं ते हे: चवडा दर फेऱ्यात पेडलवर त्याच जागी राहतो, खड्ड्यात सायकल उडाली तरी पाय घसरत नाही, पावसात ओला बूट सटकत नाही, आणि पाय भरभर फिरवताना धाकधूक राहत नाही. पन्नास-साठ किलोमीटरच्या राईडला हे फार जाणवतं. रोज पेठेतून भाजी आणायला जाणाऱ्याला याची गरज नाही. लक्ष्मी रोडच्या गर्दीत साधं सपाट पेडलच बरं.

कोणतं पेडल घ्यायचं

बुटाच्या तळाला जो तुकडा बसवतात त्याला क्लीट म्हणतात. क्लीट पेडलच्या खटक्यात बसते. क्लीट बुटाला दोन स्क्रूंनी बसते की तीन, यावर सगळी निवड ठरते.

दोन स्क्रूची क्लीट म्हणजे एसपीडी. धातूची, लहानशी, बुटाच्या रबरी तळव्यात आत दबलेली. त्यामुळे नीट चालता येतं. बहुतेक एसपीडी पेडल दोन्ही बाजूंनी चालतात, पेडल कसंही फिरलेलं असलं तरी पाय बसतो. तीन स्क्रूची क्लीट म्हणजे शिमानोची एसपीडी-एसएल किंवा लूक केओ. ही मोठी, प्लॅस्टिकची, तळव्याच्या बाहेर आलेली असते. पायाखाली रुंद आधार मिळतो, वजन कमी, शर्यतीत चालवणारे हेच लावतात. पण पेडल एकाच बाजूने चालतं, आणि चालताना माणूस बदकासारखा टाचांवर चालतो. गुळगुळीत फरशीवर तर घसरायला होतं.

रोड सायकल आहे म्हणजे तीन स्क्रूचंच हवं, असं दुकानदार सांगतात. माझं मत वेगळं आहे. पुण्यात पहिलं पेडल एसपीडीच घ्यावं. आपल्या राईडमध्ये उतरावं लागतंच. खडकवासल्याला चौपाटीवर चहा, रस्ता उकरलेला असेल तिथे सायकल हातात धरून चिखलातून चालणं, सिंहगडावर पोचल्यावर पुणे दरवाजाच्या दगडी पायऱ्या चढून पिठलं-भाकरी खाणं. त्या पायऱ्यांवर प्लॅस्टिकची क्लीट एका फेरीत झिजून खराब होते. एसपीडीचा बूट घालून मी गडभर फिरते. दोन-तीन वर्षांनी तीन स्क्रूचं घ्यावंसं वाटलं तर घ्या, सोडवायची सवय तीच कामी येते.

मनात भीती फार असेल तर एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी, असंही पेडल मिळतं. गर्दीत सपाट बाजू, मोकळ्या रस्त्याला खटक्याची. चांगली सोय आहे. फक्त ऐन चौकात पाहिजे ती बाजू शोधत खाली बघायचं नाही.

क्लीटमध्येही प्रकार आहेत. शिमानोच्या एसपीडीमध्ये एसएच ५१ ही टाच बाजूला फिरवूनच सुटते. एसएच ५६ अनेक दिशांनी सुटते, तिरका झटका दिला तरी. घाबरणाऱ्याला सुरुवातीला ५६ बरी. मात्र उभं राहून जोर लावताना ती नको तेव्हाही सुटू शकते, म्हणून सवय झाली की ५१ वर यायचं. तीन स्क्रूमध्ये रंग बघावा लागतो. अडकलेल्या अवस्थेत टाचेला इकडेतिकडे हलायला किती मुभा आहे, ते रंग सांगतो. शिमानोची पिवळी ६ अंश, निळी २ अंश, लाल अजिबात नाही. लूक केओची लाल ९ अंश, करडी ४.५ अंश, काळी अजिबात नाही. म्हणजे एकाची लाल सगळ्यात मोकळी, दुसऱ्याची लाल सगळ्यात घट्ट. ऐकीव सल्ल्यावर लाल क्लीट मागू नका. शिवाय दोघींना तीन स्क्रू असले तरी लूकची क्लीट शिमानोच्या पेडलमध्ये बसत नाही.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. राईडला घालता तेच मोजे घाला. टाच उचलली जायला नको आणि बोटं पुढे दबायला नकोत. आपल्याकडे पुष्कळांचा चवडा रुंद असतो, त्यामुळे लांबीला बरोबर असलेला बूट बाजूने आवळतो. असा बूट पुढे सैल होईल या आशेवर घेऊ नये. आणि तळव्याला छिद्रं दोन आहेत की तीन, ते पैसे देण्याआधी उलटं करून बघा.

पेडल बसवणं

हे काम घरी होतं. १५ नंबरचा पाना किंवा पेडलच्या दांड्याला मागून भोक असेल तर ॲलन की लागते, बहुतेकदा ८ ची, काही पेडलना ६ ची. थोडं ग्रीस आणि जुनं फडकं.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतं, डावं त्याच्या विरुद्ध. दिशा पाठ करण्यापेक्षा हे सोपं: पेडलच्या बाजूला उभं राहून दांडा वरच्या अंगाने पुढच्या चाकाकडे फिरवला की आवळतो, मागच्या चाकाकडे फिरवला की सुटतो. दोन्ही बाजूंना हाच नियम.

काढायच्या आधी चेन पुढच्या मोठ्या चक्रावर घ्या. पेडल घट्ट बसलेलं असतं, जोर लावताना पाना एकदम सटकतो आणि बोटं दातांवर आदळतात. चक्रावर चेन असली की हात वाचतो. जुनं पेडल हलतच नसेल तर आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर थांबा.

नव्या पेडलवर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं, आर उजवं. आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी सहज फिरलं पाहिजे. अडलं तर काढून पुन्हा सरळ धरा. पेडल जिच्यात बसतं ती क्रँक बहुतेकदा ॲल्युमिनियमची असते, वाकड्या पेडलवर पाना चालवला की क्रँकचे आटे जातात आणि क्रँकच बदलायची वेळ येते. बोटांनी शेवटपर्यंत गेलं की पान्याने चांगलं आवळा.

मग सगळ्यात महत्त्वाचा स्क्रू. एसपीडी पेडलवर खटक्याचा ताण कमी-जास्त करणारा लहान स्क्रू असतो, त्याला ३ ची ॲलन की लागते. पेडल दोन्ही बाजूंचं असेल तर असे चार स्क्रू झाले. चारही सगळ्यात सैल करा. फिरवताना टिकटिक जाणवते, ती मोजा, म्हणजे चारही सारखे राहतात. दुकानातून पेडल मधल्या ताणावर येतं आणि नवीन माणसाची पहिली पडझड बहुतेकदा त्याच ताणावर होते.

क्लीट कुठे आणि कशी

इथे घाई करू नये. क्लीट चुकली तर गुडघा बोलतो.

बूट घालून खुर्चीवर बसा. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तो बुटावरून चाचपा आणि तिथे चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारा. तसंच करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला. करंगळीची रेघ नेहमी थोडी मागे येते. या दोन रेघांच्या मधोमध पेडलचा दांडा आला पाहिजे. क्लीटच्या कडेला मध्य दाखवणारी खूण असते, ती तिथे जुळवा. शंका असेल तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागेच ठेवा, पुढे नको. क्लीट फार पुढे गेली की पोटरीवर ताण येतो आणि बोटं बधिर होतात.

आता कोन. उंच टेबलावर बसून पाय लोंबकळत सोडा आणि पावलं कुठे बघतात ते बघा. बहुतेकांची बोटं थोडी बाहेर वळलेली असतात, टाच आत. ज्या पायाची टाच आत जाते त्या बुटावर क्लीटचं नाक किंचित अंगठ्याच्या बाजूला वळवायचं. उलटं वाटतं, पण क्लीट पेडलमध्ये सरळ राहते आणि बूट तिच्याभोवती बाहेर वळतो. दोन्ही पाय सारखे असतीलच असं नाही, माझा उजवा पाय जास्त बाहेर वळतो.

स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचा थेंब लावून दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना असेल तर ५ ते ६ न्यूटन मीटर. नसेल तर लहान ॲलन कीने हाताचा चांगला जोर. आवळून झाल्यावर क्लीटच्या कडेने पेनाने रेघ काढा. उद्या क्लीट सरकली तर कळेल आणि जुनी झाल्यावर नवी त्याच जागी बसेल.

सैल क्लीट ही सगळ्यात धोक्याची. टाच फिरवली की बूट फिरतो, पण क्लीट पेडलमध्ये तशीच राहते आणि पाय सुटतच नाही. चालत्या सायकलवर असं झालं तर घाबरून ओढू नका. दुसरा पाय सोडवून त्यावर थांबा आणि अडकलेल्या पायाचा बूट सैल करून पाय बुटातून बाहेर काढा. पहिल्या राईडनंतर स्क्रू पुन्हा तपासलेच पाहिजेत. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ते थोडे बसतात.

शेवटी सीट. नवा बूट आणि पेडल यांची जाडी जुन्यापेक्षा वेगळी असते. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. चवडा अडकवल्यावर मग गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो.

गॅलरीत आणि पार्किंगमध्ये

सायकलवर बसण्याआधी बूट हातात घ्या. हातानेच क्लीट पेडलमध्ये दाबा, खट् आवाज ऐका, मग बुटाची टाच बाहेर फिरवून काढा. किती फिरवल्यावर सुटतो ते हाताला कळतं. पाच-सहा वेळा करा.

मग सायकल गॅलरीच्या ग्रिलला किंवा पार्किंगमधल्या खांबाला लावून बसा, एक हात खांबावर. फक्त डावा पाय. एसपीडीमध्ये क्लीटचं पुढचं टोक पेडलच्या पुढच्या खाचेत घालायचं आणि चवडा खाली दाबायचा. तीन स्क्रूचं पेडल मागून जड असल्याने नाक वर करून लोंबतं, त्याच्या पुढच्या ओठात क्लीटचं टोक अडकवून पुढे ढकलत दाबायचं. बसला की लगेच सोडवायचा. पेडल तळाला असताना टाच बाहेर. पेडल वर असताना, मध्ये असतानाही करून बघा, पण सवय तळाची लावा, तिथे पायाला जोर आणि जागा दोन्ही मिळते. तोंडाने म्हणा, "टाच बाहेर". शब्द आणि पाय एकत्र चालले की सवय लवकर बसते. तीस वेळा डावा, तीस वेळा उजवा, आणि मग बुटाकडे न बघता पुन्हा तीस वेळा.

माझ्या भाच्याला हे कंटाळवाणं वाटलं. "मावशी, मला जमलंय, मी जातो खाली." मी त्याला म्हटलं, डोळे मिटून दहा वेळा सोडवून दाखव. सातव्या वेळी त्याने पाय वर ओढला. मग तो स्वतःच आणखी अर्धा तास खांबाला धरून बसला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पार्किंग किंवा शाळेचं मैदान. गवत असेल तर उत्तम. निघण्याची पद्धत अशी: उजवा पाय अडकवा, पेडल वरच्या बाजूला, साधारण घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, डावा पाय जमिनीवर. उजव्या पायाने एक चांगला दाब द्या आणि सीटवर बसा. सायकल चालू लागली की डावा पाय शोधायला निवांत वेळ मिळतो. नाही बसला तर बुटाचा मधला भाग पेडलवर ठेवून दोन फेरे मारा आणि पुन्हा प्रयत्न करा. खाली बघू नका. नजर खाली गेली की हँडलही तिकडेच जातं.

थांबण्याची पद्धत अशी. हलका गिअर आधीच घ्या. डावं पेडल तळाला आणा, टाच बाहेर, पाय सुटला. लगेच जमिनीवर टाकायचा नाही, सुटलेला पाय पेडलवरच ठेवायचा आणि सायकल तशीच जाऊ द्यायची. मग ब्रेक, सीटवरून पुढे उतरणं, आणि सायकल डावीकडे झुकवत डावा पाय जमिनीवर. पूर्ण थांबायच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवलं की सायकल आपसूक डावीकडे झुकते. पन्नास वेळा निघा, पन्नास वेळा थांबा. एका दिवसात करायची गरज नाही.

डावाच पाय का

आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालवतो. डावीकडे फुटपाथ, उजवीकडे वाहनं. पडायचंच झालं तर डावीकडे पडलेलं बरं, आणि फुटपाथची कड मिळाली तर त्यावर पाय टेकवून सीटवरून न उतरताही थांबता येतं. शिवाय चेन उजवीकडे असते, उजवा पाय अडकलेला राहिला की पोटरीला चेनचं काळं लागत नाही.

पण डावा पाय सोडवला की काम झालं, असंही नाही. मी पडले ती डावा पाय सोडवल्यावर. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला थांबत होते, डावा पाय मोकळा होता, मागे कोण आहे म्हणून उजवीकडे मान वळवली आणि अंगाचा भारही उजवीकडे गेला. उजवा पाय अडकलेला. सायकल उजव्या बाजूला पडली, मागची रिक्षा हातभरावर थांबली. रिक्षावाले काका उतरून, "ताई, लागलं का?" म्हणत सायकल उचलायला लागले, तसा माझा पायही सायकलबरोबर वर जाऊ लागला. "काका, थांबा, पाय अडकलाय, सायकल थोडी तिरकी धरा." टाच बाहेर फिरवायला खाली डांबर होतं, जागाच नव्हती. काकांनी सायकल तिरकी धरली तेव्हा टाच फिरली आणि पाय सुटला. त्या दिवसापासून पाय सोडवला की मी लगेच सीटवरून पुढे उतरते आणि कंबर डावीकडे नेते. मागे बघायचं ते पाय टेकल्यावर किंवा खूप आधी, थांबतानाच्या त्या दोन सेकंदांत कधीच नाही.

रस्त्यावर

पहिली राईड रविवारी सकाळी सहाला, उजाडता उजाडता. नांदेड सिटीच्या पुढे सिंहगड रोडने किरकटवाडीवरून खडकवासल्यापर्यंत, आणि परत. त्या वेळी गर्दी कमी आणि रस्ता बराचसा सपाट. स्वारगेट, डेक्कन, विद्यापीठ चौक पहिल्या दोन आठवड्यांत नको.

गावातून जाताना सिग्नल लाल व्हायची वाट बघू नका. हिरवा असला तरी वीस-पंचवीस मीटर आधी पाय सोडवा. सिग्नल ओलांडला तर पुन्हा अडकवायला दोन सेकंद लागतात, काही बिघडत नाही. पुढे रिक्षा असेल तर ती कुठेही थांबणार, असं धरूनच चाला. बसथांब्याजवळ, शाळेसमोर, भाजीच्या गाड्यांजवळ, उलट्या दिशेने दुचाकी येते अशा कडेला डावा पाय मोकळाच ठेवा. कुत्रं मागे लागलं तर मात्र पाय सोडवायच्या नादात तोल घालवू नका, अडकलेल्या पायांनी सरळ, स्थिर चालवत राहा.

गतिरोधक आणि खड्डे यांना दोन्ही पाय अडकवून, पेडल आडवी करून, सीटवरून जरासं उठून जा. इथे हे पेडल खरं उपयोगी पडतं.

घाट

पहिला घाट जुना कात्रजचा घ्या. चढ सौम्य आहे. बोपदेव नंतर. सिंहगड महिनाभर तरी नको. डोणज्याहून पुढे गोळेवाडीपासून चढ सुरू होतो, काही वळणं फार तीव्र आहेत आणि समोरून जीप उतरत असतात.

चढावर सायकल हळू असते, त्यामुळे सोडवायला वेळच मिळत नाही. दम संपायच्या आधी थांबायचं ठरवा. पाय गोल फिरेनासे झाले, हँडल डावी-उजवी डुलू लागलं, की डावा पाय सोडवायची वेळ झाली. थांबायला जागा निवडताना पुन्हा निघता येईल अशी, थोडी सपाट निवडा. तीव्र चढावरून निघावंच लागलं तर सगळ्यात हलका गिअर, अडकलेला उजवा पाय दोनच्या जागी, आणि डावा पाय अडकवायचा हट्ट सोडून बुटाच्या मधल्या भागाने पायडल मारत पुढच्या सपाट तुकड्यापर्यंत जा. अडकवायच्या नादात चढावर खाली बघितलं की सायकल थांबते. उतरताना दोन्ही पाय अडकलेले, वळणावर बाहेरच्या बाजूचं पेडल खाली.

पावसाळा आणि गुडघा

जूनपासून क्लीटमध्ये चिखल आणि बारीक खडी भरते. पाय अडकत नाही, किंवा अर्धवट अडकून नंतर सुटायला जड जातो. चिखलातून चालल्यावर बूट पेडलच्या कडेवर दोन-तीनदा आपटा, राहिलेलं काडीने काढा. घरी आल्यावर पेडलची स्प्रिंग धुऊन पुसा आणि तेलाचा एक थेंब द्या, ब्रेकवर मात्र तेल उडू देऊ नका. क्लीटच्या स्क्रूच्या खाचेत माती घट्ट बसते. तशीच ॲलन की घातली तर खाच गोल होते आणि स्क्रू कायमचा अडकतो. आधी पिनेने खाच साफ करा. ओल्या फरशीवर, पेट्रोल पंपावरच्या तेलकट जमिनीवर पाय टेकवताना तळव्याचा रबरी भाग टेकवा, क्लीट नको.

गुडघा दुखायला लागला तर तिथेच थांबा, राईड पूर्ण करायचा हट्ट नको. वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली आहे किंवा क्लीट पुढे आहे. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखत असेल तर क्लीटचा कोन बघा. एका वेळी एकच बदल, दोन मिलिमीटर किंवा थोडासा कोन, आणि मग दोन राईड त्यावर. सगळं एकदम हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. आठवडाभरात कमी झालं नाही तर सायकल अंगाच्या मापाला जुळवून देणाऱ्याकडे (बाईक फिटरकडे) किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा.

महिन्याभराने कधीतरी उभं राहून जोर लावताना पाय आपोआप सुटेल. तेव्हा खटक्याचा ताण वाढवायचा, प्रत्येक स्क्रू दोन टिकटिक, चारही सारखे. आणि वाढवल्यावर रस्त्यावर जाण्याआधी पुन्हा गॅलरीच्या ग्रिलला धरून डावा पाय तीस वेळा सोडवून बघायचा.